मंद्रूपच्या नाण्याला मी नक्कल म्हटलं

अण्णा, सराफ कट्ट्यावरच्या लोकांनी तुमच्यासाठी सभा घेतली. सहा जण बोलले आणि सहाही जणांनी सांगितलं, की ईरण्णा सोनार हा माणूस कधी कुणाशी वाद घालत नसे. मी मागे सतरंजीवर बसले होते. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मानेनंच नको म्हटलं. काय बोलणार होते? की या माणसानं माझ्याशी पाच वर्षं एकाच नाण्यावरून वाद घातला, आणि तो अर्धा टाकून गेला?

फार थकले आहे, अण्णा. रडूनबिडून नव्हे. रडायला वेळच झाला नाही. दहावीच्या उत्तरपत्रिका आल्या होत्या, आईचे गुडघे धरले होते, नळाला एक दिवसाआड पाणी. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी भूगोलाचे गुण बेरजेला घेत होते. बेरीज पुरी केली आणि मग उठले. हे कुणाला सांगितलं तर वाईट दिसेल. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती आईच्या पुतळ्यांच्या माळेसाठी. एका पुतळीची कडी निखळली होती, एवढंच काम. तुम्ही माळ हातात घेतलीत आणि बराच वेळ एकेक पुतळी बोटांनी चाचपत बसलात. मला वाटलं, सोनार मजुरी वाढवायला वेळ काढतोय. मग तुम्ही म्हणालात, "बाई, ह्यात एकोणीस बहिणी हायत. ही विसावी कुठली तरी पाव्हणी हाय."

भिंग माझ्या हातात दिलंत. पानांचा मुकुट घातलेला एक माणूस, गुळगुळीत हनुवटी, ताठ मान. भोवती इंग्रजी अक्षरं. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई, हातात फांदी. मी पंधरा वर्षं वर्गात रोमन साम्राज्य शिकवत होते. आपल्या जवळच्या तेर गावची मलमल जहाजानं जायची, बदल्यात सोनं यायचं, हे तोंडपाठ. फळ्यावर नकाशाही काढत असे. आणि ते सोनं माझ्या आईच्या गळ्यात होतं. आई त्याला लक्ष्मी म्हणत होती.

त्या दिवशी माझ्या तोंडावर जे काही उमटलं असेल ते बघून तुम्ही हसलात, आणि मग एकदम गप्प झालात. दुसऱ्या खेपेला त्याचं कारण सांगितलंत. "आमच्या वडलांच्या हातनं असली लई आटली, बाई. शेतात घावली की लोक आणून देत. तोंड बघायचं, हसायचं, मुशीत टाकायचं. त्या दिसांत कुणाला काय म्हाईत?" तुम्ही तेव्हा भट्टीकडे बघत नव्हतात, माझ्याकडेही बघत नव्हतात.

सुवर्ण नियंत्रणाचा कायदा आल्यापासून तुमच्या हातचं काम अर्ध्यावर आलं होतं. कड्या बसवायच्या, झाळून सांधायचं, तुटलेलं जोडायचं. रिकामा वेळ फार. त्या वेळात आपण शिकलो. पुण्याच्या एका ग्रंथालयातून मी जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, त्यातल्या चित्रांवर पातळ कागद ठेवून नाणी उतरवून घेतली. तुम्हाला कन्नड येत होतं, मराठी येत होतं, हिशेबापुरती मोडीही येत होती. वयाच्या साठीला तुम्ही रोमन लिपी शिकलात. रोममध्ये 'यू' ऐवजी 'व्ही' कोरत, हे कळल्यावर तुम्हाला झालेला आनंद मला आठवतो. "मंजे औगुस्तुस राजाचं नाव हितं असं लिवलंय व्हय! नोडरी, नोडरी!" बघा, बघा म्हणताना तुमचं कन्नड बाहेर येई.

माझ्याकडून तुम्ही अक्षरं घेतलीत. तुमच्याकडून मी काय घेतलं त्याला शाळेत विषय नाही. ओतलेलं नाणं आणि ठशाखाली ठोकलेलं नाणं बोटाला वेगळं लागतं. ओतलेल्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात, कडेला शिवण राहते. ठोकलेल्याची अक्षरं अंगातून वर आलेली असतात. चेहरा शेवटी बघायचा, कारण चेहरा भुलवतो. आधी वजन, मग कस, मग कड, मग अक्षरं. आजही वर्गात नवीन मुलगी आली की मी चेहरा शेवटी बघते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला, आणि त्या उन्हाळ्यात नागव्वा आली.

सकाळची शाळा सुटत होती. तुमचा निरोप आला, लगेच या. ऊन असं होतं की कट्ट्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तुमच्या गाळ्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, चाळिशीची, हातांवर खडीची पांढरी पूड, पायात काही नाही. मंद्रूपजवळच्या पाझर तलावाच्या कामावर होती. माती उचलताना पाटीत काहीतरी चकाकलं, तिनं पदराला गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी खाडा करून सोलापूर गाठलं.

तुमच्या तळहातावर ते होतं. दाढीवाला माणूस, दाढीच्या टोकाला दोन फाटे. सेव्हेरस, रोमचा बादशहा. मागे उभी बाई, एका हातात धान्यानं भरलेलं शिंग. "अन्नपूर्णा," तुम्ही म्हणालात. आणि राजाच्या डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोकं. रोममध्ये भोकं पाडत नसत. ती आपल्याकडच्या कुणीतरी पाडली होती, गळ्यात घालायला, आणि इतक्या जपून की राजाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. हे तुम्हीच मला दाखवलंत.

वजन बरोबर. कस उत्तम. कड स्वच्छ. तुम्ही म्हणालात, "रोमचंच हाय, बाई."

मी अक्षरं वाचायला घेतली आणि मला ते दिसलं. 'एस' उलटा होता. एक नाही, तीन. आणि शेवटची चार अक्षरं म्हणजे नुसत्या काड्या होत्या. ज्याला वाचता येत नाही अशा माणसानं समोर नाणं ठेवून बघूनबघून कोरलेल्या. पुस्तकात वाचलेलं होतं, की आपल्याकडच्या कारागिरांनी रोमच्या नाण्यांवरून शुद्ध सोन्याची नाणी पाडली होती. तितकीच जुनी, आणि मूळ नाण्यांपेक्षा दुर्मीळ. ते माझ्या समोर होतं. आणि मी आनंदानं, मोठ्यानं म्हणाले,

"नाही अण्णा, रोमचं नाही हे. नक्कल आहे!"

तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "ठसा कोरणारा उलटंच कोरतो की. एखादं अक्षर चुकून सुलटं कोरलं तर छापल्यावर उलटं येतंय. शिक्क्याच्या अंगठ्या करताना माज्याकडनं झालंय असं."

"एक चुकलं असतं तर मानलं असतं. तीन?"

"थकला आसंल. संध्याकाळ आसंल."

"रोमच्या टाकसाळीत?"

"तितं काय मान्सं नव्हती व्हय?"

तासभर आपण भांडलो. किती सुखाचा तास होता तो, अण्णा. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला इतकं जिवंत कधी वाटलं नसेल. भांडताभांडता तुम्ही सवयीनं लाख गरम केलीत आणि नाण्याच्या दोन्ही बाजू तिच्यावर दाबून घेतल्यात. मग पायरीवरच्या नागव्वेकडे वळून नीट समजावून सांगू लागलात, की जमिनीत सापडलेलं असं काही असलं तर ते कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं, आपण दोघं तुझ्याबरोबर येऊ, घाबरू नकोस.

ती उठली. हात पुढे केला. "द्या माजं."

तुम्ही दिलंत. दुसरं काय करणार होतात? ती पदर डोक्यावर ओढून उन्हात निघून गेली. आपल्याला वाटलं, विचार करून परत येईल.

चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात. एवढ्या वर्षांत तुम्ही शाळेत कधी आला नव्हता. मधली सुट्टी होती. तुमच्या अंगात कामाचाच सदरा होता, बाहीवर तेजाबानं जळलेली भोकं. तुम्ही म्हणालात, "आटलं, बाई."

पलीकडच्या गल्लीतला एक कारागीर कट्ट्यावर फुशारकी मारत होता. एका खेडवळ बाईनं नाणं आणलं, स्वतःच म्हणाली, खोटं हाय, शाळेच्या बाईनं सांगितलंय, काय द्याल ते द्या. त्यानं पितळेच्या भावात घेतलं. गंमत म्हणून मुशीत टाकलं, तर बावनकशी निघालं.

मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. तुम्ही हळू बोलत होतात, पण मुली थांबून बघायला लागल्या. "नक्कल मंजे खोटं, बाई. तुमच्या पुस्तकात त्याचा काय अर्थ हाय ते गावात कुणाला म्हाईत? तिच्या कानावर तेवढा एकच शब्द पडला."

"आणि तुम्ही कलेक्टर कशाला काढलात?" मी म्हणाले. "पोलीस दिसले तिला. तुमच्या कायद्यानं ती पळाली. माझ्या शब्दानं नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि घंटा व्हायच्या आत निघून गेलात.

दोन महिने मी सराफ कट्ट्यावर पाऊल टाकलं नाही. एका रविवारी तुम्हीच घरी आलात. आईनं चहा केला. तुम्ही कापडात गुंडाळलेला लाखेचा तुकडा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "भांडायचं तर समोर बसून भांडू की." त्या लाखेवरून आपण पाच वर्षं भांडलो. मी पुण्याच्या एका जाणकारांना तिचा ठसा उतरवून पाठवला. त्यांचं सभ्य उत्तर आलं, प्रत्यक्ष नाणं पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ते पत्र तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचलंत.

पण तुमचं भांडण खरं म्हणजे नाण्याचं नव्हतं. दर दिवाळीला, दर संक्रांतीला तुम्ही विचारायचात, "मंद्रूपला गेलात का?"

"तुम्हीच जा ना."

"शब्द तुमचा हुता, बाई. माजा कायदा मी तिला परत समजावीन. पण ती माज्या शब्दानं गेली न्हाई."

मी हसण्यावारी न्यायची. परीक्षा, निवडणुकीचं काम, आईचं आजारपण. मंद्रूप काही लांब नाही, एसटी जाते. कारण एवढंच होतं की जाऊन काय सांगायचं ते मला येत नव्हतं. मुलींना मी रोज सांगते, चूक झाली की वहीत खोडून नीट लिहा. माझी चूक खोडायला ती वही कुठे शिल्लक होती?

शेवटी तुम्हाला भेटले तेव्हा तुम्ही माडीवर पडून होतात. धाप बोलू देत नव्हती. मोतीबिंदूनं डोळे पांढुरके झाले होते. सुनेनं उशीखालून लाख काढून तुमच्या हातात दिली. तुम्ही अंगठा फिरवत राहिलात, एकेका अक्षरावर थांबत, आणि बऱ्याच वेळानं म्हणालात, "दोनच उलटे हायत, बाई. तिसरा झिजलाय."

मी म्हणाले, "तीनच आहेत, अण्णा. विश्रांती घ्या."

घरी येऊन मी लाखेवरून उतरवलेला माझ्याकडचा कागद काढला. तुमचंच खरं होतं. तिसरा 'एस' झिजलेला होता, पण सुलटाच, फक्त खालचा फाटा गेलेला. पाच वर्षं मी डोळ्यांनी तीन मोजत होते, आणि तुम्ही डोळे गेल्यावर दोन मोजलेत. उद्या जाऊन सांगू म्हटलं. मग गठ्ठे आले. सांगायचं राहिलं ते असं, एका संध्याकाळपुरतं म्हणून राहिलं.

परवा मंद्रूपला गेले.

बाजाराचा दिवस होता. नागव्वा म्हणून विचारत गेले तर तिघी नागव्वा निघाल्या. आपली नागव्वा वांगी आणि गवार घेऊन लिंबाखाली बसली होती. केस पांढरे झालेत. मी काही बोलायच्या आधीच तिनं ओळखलं.

"शाळेच्या बाई न्हवं? खोटं नाणं म्हणलेल्या?"

मी तिच्या पोत्यावर बसले. उभ्यानं सांगवेना. म्हटलं, नागव्वा, ते खोटं नव्हतं. सोनं होतं, बावनकशी. मी भलता शब्द वापरला. ज्याला विकलंस त्यानं तुला फसवलं, पण तुझ्या हातून ते खोटं म्हणून गेलं ते माझ्यामुळे. हे सांगायला पाच वर्षं लावली.

ती वांग्यांचा ढीग नीट लावत राहिली. मग म्हणाली, "आता सांगून काय करू मी त्याचं?"

मी विचारलं, "कलेक्टरचं नाव ऐकून घाबरलीस का गं तू तेव्हा?"

"कलेक्टरला काय भ्यायचं? त्याच्याच मस्टरवर माती टाकत हुते की," ती म्हणाली. "खोटं म्हणलात, ते ऐकलं. खोटं पोरीच्या गळ्यात कसं घालू? सासरच्यांनी नावं ठिवली असती."

"पोरीच्या गळ्यात?"

"मग! इकायला कुटं आलते मी? भोकं दिसली. म्हणलं, सोनाराकडनं कडी बसवून घ्यावी आन लग्नात पोरीला घालावं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी दोघंच बोलत हुता. मला कुणी इचारलंच न्हाई."

अण्णा, आपण त्या भोकांच्या कडा भिंगाखाली तपासल्या होत्या. कुठल्या बाजूनं पाडली, कशानं पाडली, कोणत्या काळात पाडली. कशासाठी पाडली तेही आपण एकमेकांना सांगितलं होतं. आणि त्याचसाठी ते घेऊन आलेली बाई दोन हातांच्या अंतरावर पायरीवर बसली होती, तळपत्या उन्हात, तासभर.

मग तिनं विचारलं, त्याच्यावरचा दाढीवाला कोण होता. मी सांगितलं. समुद्रापलीकडचा राजा, आपल्याकडचं कापड आणि मिरी घेऊन सोनं पाठवायचा. मागची बाई धान्याची देवी. आणि ते बहुतेक त्या राजानं पाडलेलं नव्हतं, इकडच्याच कुणीतरी त्याच्याकडे बघून केलं होतं. अक्षरं कळत नसताना.

"वाचता येत न्हवतं त्याला?"

"नसावं."

"तरी केलं व्हय त्यानं?" ती म्हणाली. "मग त्याला खोटं कसं म्हणायचं?"

पाच वर्षांत आपल्या दोघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही.

तिनं मग तुमची चौकशी केली. "ते म्हातारं यायला पायजे हुतं. त्यांनी मला पाणी दिलंतं." तुम्ही गेलात हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली गवार खाली ठेवली आणि क्षणभर डोळे मिटले. क्षमा केली असं काही तिनं म्हटलं नाही. मीही मागितली नाही. ती मागून घ्यायची गोष्ट नव्हती. जाताना मी एवढंच विचारलं, मग लग्नात मुलीच्या गळ्यात काय घातलंस?

"काळं मणी," ती म्हणाली. "लगीन काय त्यानं अडलं न्हाई." आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं वांगं तागडीत टाकलं.

तर अण्णा, शब्द माझाच होता. तुम्ही बरोबर होतात. उलटे 'एस' दोनच होते, तिथंही तुम्ही बरोबर होतात. नाणं रोमचं की इकडचं, हे आता कुणालाच कळणार नाही. मला अजून वाटतं इकडचं, आणि तुम्ही अजून मानणार नाही. पण नागव्वेला विचारायचं तुमच्याकडूनही राहिलं. त्यातला अर्धा वाटा तुमचा आहे. तो मी एकटी घेणार नाही.